इंग्रजीतील 'हू', 'विच' आणि 'दॅट' : मराठी वाचकासाठी संबंधी उपवाक्यांची उकल

खांदा कॉलनी (पनवेल) : नवीन पनवेलच्या पश्चिमेस सिडकोने वसविलेल्या खांदा कॉलनीत, खांदेश्वर स्थानकाच्या परिसरातील इतर वसाहतींप्रमाणेच, अनेक घरांत बोलण्याची भाषा एक आणि कागदपत्रांची भाषा दुसरी अशी विभागणी आहे. घरात मराठी चालते. सदनिकेचा करारनामा, विम्याची पॉलिसी, बँकेचे पत्र, मुलांच्या शाळेची सूचना आणि नोकरीचा अर्ज मात्र बहुधा इंग्रजीत असतो. जवळच उभ्या राहिलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाल्यानंतर या पट्ट्यातील तरुणांच्या दृष्टीने इंग्रजीचे महत्त्व आणखी वाढले आहे.

इंग्रजी शब्दांचे अर्थ आता बहुतेकांना ठाऊक असतात किंवा शब्दकोशात सापडतात. अडचण येते ती लांब वाक्यांची. एका नामाला मधेच 'हू', 'विच' किंवा 'दॅट' जोडून पुढे पाच-दहा शब्दांची शेपटी लावलेली असते आणि मुख्य क्रियापद कोठे आहे, तेच समजत नाही. या शेपटीला व्याकरणात संबंधी उपवाक्य किंवा विशेषण-उपवाक्य म्हणतात. मराठी माणसाला ही रचना अवघड वाटण्याचे कारण त्याची बुद्धी नसून त्याची मातृभाषा आहे. मराठीत हेच काम दोन निराळ्या पद्धतींनी होते आणि त्या दोन्ही इंग्रजीशी जुळत नाहीत.

व्याकरणाची जुनी ओळख

शालेय मराठी व्याकरणात वाक्यांचे केवल, मिश्र आणि संयुक्त असे प्रकार शिकविले जातात. मिश्र वाक्यात एक प्रधान वाक्य आणि एक किंवा अधिक गौण वाक्ये असतात. गौण वाक्ये नामाचे, विशेषणाचे किंवा क्रियाविशेषणाचे काम करतात. 'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे' या वाक्यातील 'जो मुलगा काल आला' हा भाग मुलाविषयी विशेष माहिती देतो, म्हणून ते विशेषण-वाक्य होय.

मराठीचे पाणिनी म्हणून ओळखले जाणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आले. या परंपरेतील अनेक संज्ञा इंग्रजी व्याकरणाच्या परिचयातून घडल्या. त्यामुळे दोन्ही भाषांतील प्रकारांची नावे सारखी दिसतात. विद्यार्थ्याचा घोटाळा येथूनच सुरू होतो. नाव एक असले तरी वाक्यातील जागा, सर्वनामाची निवड आणि विरामचिन्हांचा अर्थ या तिन्ही बाबतींत दोन्ही भाषा निराळ्या वाटेने जातात.

मराठीच्या दोन वाटा

मराठीची पहिली वाट 'जो-तो'ची. संस्कृतातील 'यद्' आणि 'तद्' या सर्वनामांपासून आलेली ही जोडी आहे. प्राकृतात आरंभीच्या 'य'चा 'ज' झाला आणि 'यः' चे रूप पुढे 'जो' झाले. या रचनेत उपवाक्य आधी येते आणि मुख्य वाक्य 'तो', 'ती', 'ते' घेऊन मागून येते. म्हणींचा तर हा आवडता साचा आहे. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी', 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' अशी उदाहरणे प्रत्येकाच्या तोंडी असतात.

दुसरी वाट धातुसाधित विशेषणाची. 'काल आलेला मुलगा', 'पुण्याला जाणारी गाडी', 'मी वाचलेले पुस्तक' या रचनांत 'जो' नाही, 'तो' नाही. सगळे उपवाक्य आक्रसून एका विशेषणात बसते आणि नामाच्या आधी येते. रोजच्या बोलण्यात हीच वाट अधिक सोयीची वाटते. 'जी गाडी पुण्याला जाते ती गाडी' असे स्थानकावर सहसा कोणी म्हणत नाही. 'पुण्याला जाणारी गाडी' एवढे पुरते. कन्नड, तेलुगू यांसारख्या द्राविड भाषांतही नामापूर्वी येणारी अशीच रचना आहे.

मराठीच्या या रचनांचा अभ्यास आधुनिक भाषावैज्ञानिकांनीही केला आहे. काशी वाली यांनी १९८२ मध्ये मराठीतील 'जो-तो' रचनेवर स्वतंत्र निबंध लिहिला. राजेश्वरी पंढरीपांडे यांचे इंग्रजीतून लिहिलेले मराठीचे व्याकरण १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

इंग्रजीची वाट तिसरी आहे. तेथे आधी नाम येते, लगेच मागे 'हू' किंवा 'विच', त्यामागे उपवाक्य आणि शेवटी मुख्य वाक्याचा उरलेला भाग. 'द बॉय हू केम यस्टर्डे इज माय ब्रदर' या वाक्यात 'द बॉय' आणि 'इज' या कर्ता-क्रियापदांच्या मध्ये तीन शब्द घुसले आहेत. मराठी कान या घुसखोरीला सरावलेला नसतो.

'कोण' आणि 'जो' यांची गल्लत

मराठीत प्रश्नाचे शब्द 'क'ने, संबंधाचे 'ज'ने आणि निर्देशाचे 'त'ने सुरू होतात. कोण-जो-तो, कोठे-जेथे-तेथे, केव्हा-जेव्हा-तेव्हा, कसा-जसा-तसा, किती-जितका-तितका अशी ही नेटकी उतरंड आहे. इंग्रजीत ही सोय नाही. 'हू' हा शब्द प्रश्नातही येतो आणि संबंध दाखवितानाही येतो. 'हू केम?' म्हणजे 'कोण आले?', पण 'द बॉय हू केम' म्हणजे 'जो मुलगा आला तो'. प्राथमिक वर्गात 'हू म्हणजे कोण' एवढेच पाठ झालेले असल्याने पुढे वाक्यात तो शब्द दिसताच विद्यार्थी प्रश्न शोधू लागतो. 'हू' नामाच्या लगेच मागे आला आणि वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नसेल, तर त्याचा अर्थ बहुधा 'जो' असा घ्यावा.

सर्वनाम निवडण्याचे निकषही वेगळे आहेत. मराठीत लिंग आणि वचन पाहून जो, जी, जे, ज्या असे रूप ठरते. इंग्रजी लिंग किंवा वचन पाहत नाही. व्यक्ती आहे की वस्तू, एवढेच पाहते. व्यक्तीसाठी 'हू', वस्तू आणि बहुधा प्राण्यांसाठी 'विच', तर 'दॅट' दोघांसाठी चालते. ही विभागणीही फार जुनी नाही. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात व्यक्तींसाठी, इतकेच नव्हे तर देवासाठीही 'विच' वापरलेले आढळते. आज मात्र तसे लिहिल्यास चूक धरली जाते.

विभक्तीचा सापळा

मराठी विद्यार्थ्याला खरा दगा देते ती विभक्ती. 'ज्याने अर्ज लिहिला तो मुलगा' याचे इंग्रजी करताना 'ने' पाहून 'बाय हूम' लिहिण्याचा मोह होतो. 'ज्याला इंग्रजी येते तो उमेदवार' येथे 'ला' पाहून 'टू हूम' सुचते. 'ज्याच्याकडे परवाना आहे तो चालक' येथे 'कडे'मुळे 'विथ हूम' लिहिले जाते. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत साधे 'हू'च हवे : 'द बॉय हू रोट द ॲप्लिकेशन', 'द कँडिडेट हू नोज इंग्लिश', 'द ड्रायव्हर हू हॅज अ लायसन्स'.

याचे कारण समजून घेतले तर नियम पाठ करावा लागत नाही. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला 'ने' लागतो. येणे, आवडणे, समजणे, भूक लागणे अशा क्रियांत अनुभव घेणारा 'ला' घेऊन येतो. मालकी 'कडे' किंवा 'चा'ने दाखविली जाते. इंग्रजीत लिहिणारा, जाणणारा आणि बाळगणारा हे तिघेही सरळ कर्ते असतात. म्हणून मराठी प्रत्यय पाहून इंग्रजी सर्वनाम निवडू नये. इंग्रजी उपवाक्यातील क्रियापदाचा कर्ता कोण, हे पाहावे. तो कर्ता म्हणजे हीच व्यक्ती असेल तर 'हू'.

व्यक्ती उपवाक्यात कर्म असेल तर लेखी इंग्रजीत 'हूम' येते. बोलण्यात तेथेही 'हू' चालते. शब्दयोगी अव्यय आधी आले असेल तर मात्र 'हूम'ला पर्याय नाही : 'द क्लार्क टू हूम आय गेव्ह द फॉर्म'. मालकीसाठी 'हूज' आहे आणि ते निर्जीव वस्तूंनाही चालते. 'ज्या इमारतीची लिफ्ट बंद आहे ती इमारत' याचे 'द बिल्डिंग हूज लिफ्ट इज आउट ऑफ ऑर्डर' हे भाषांतर पूर्ण शुद्ध आहे.

जास्तीचा 'तो', हरवलेला 'इन'

'जो' आला की 'तो' हवाच, ही मराठीची सवय इंग्रजीत दोन चुका घडविते. पहिली, 'द बॉय हू केम यस्टर्डे ही इज माय ब्रदर'. येथे 'ही' हा मराठी 'तो' आहे आणि इंग्रजीत त्याला जागा नाही. दुसरी, 'द बुक विच आय बॉट इट'. 'विच' हेच विकत घेण्याचे कर्म असल्याने पुन्हा 'इट' येऊ शकत नाही.

तिसरी चूक उलट्या दिशेची आहे. 'तो ज्या घरात राहतो ते घर' येथे 'त' हा प्रत्यय 'घर' या शब्दाला चिकटलेला आहे. इंग्रजीत तो सुटा शब्द असल्याने लिहिताना हरवतो आणि 'द हाउस विच ही लिव्ज' असे अर्धवट वाक्य उरते. त्याची शुद्ध रूपे तीन : 'द हाउस इन विच ही लिव्ज', 'द हाउस विच ही लिव्ज इन' आणि 'द हाउस व्हेअर ही लिव्ज'. पहिले औपचारिक लेखनात, दुसरे बोलण्यात, तिसरे दोन्हीकडे शोभते.

मराठीत एकाच वाक्यात दोन 'ज' एकत्र नांदू शकतात. 'ज्याने जे मागितले, त्याला ते मिळाले' हे वाक्य कोणालाही सहज कळते. इंग्रजीत असे दोन संबंधी शब्द शेजारी ठेवता येत नाहीत. तेथे वाक्य मोडून 'एव्हरीवन गॉट व्हॉट दे आस्क्ड फॉर' असे नव्याने बांधावे लागते. याच वाक्यातील 'व्हॉट'कडेही लक्ष द्यावे. ते 'जे काही' या अर्थाने एकटे येते; त्याआधी नाम येत नाही. म्हणून 'द बुक व्हॉट आय रेड' अशुद्ध आणि 'द बुक दॅट आय रेड' शुद्ध.

स्वल्पविरामाची किंमत

गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर पुढील वाक्य आहे, असे समजा : 'मेंबर्स हू हॅव नॉट पेड द मेंटेनन्स कॅनॉट यूज द हॉल'. अर्थ असा, की ज्या सभासदांनी देखभाल खर्च भरलेला नाही, केवळ त्यांनाच सभागृह मिळणार नाही. आता 'मेंबर्स'नंतर आणि 'मेंटेनन्स'नंतर एकेक स्वल्पविराम द्या. शब्द तेच राहतात. पण अर्थ असा होतो, की सभासदांपैकी कोणीच खर्च भरलेला नाही आणि कोणालाच सभागृह मिळणार नाही. वेळेवर पैसे भरणाऱ्या कुटुंबाला दोन टिंबांनी थकबाकीदार ठरविले.

स्वल्पविराम नसलेले उपवाक्य अनेकांतून काहींना निवडते. स्वल्पविरामांत बसविलेले उपवाक्य निवड करीत नाही; आधीच ठरलेल्या व्यक्तीविषयी किंवा वस्तूविषयी जादा माहिती देते. विमा पॉलिसी, भाडेकरार किंवा नियमावली वाचताना हा भेद पैशांत मोजला जाऊ शकतो. 'द आयटेम्स विच आर लिस्टेड बिलो' म्हणजे खाली दिलेल्या वस्तू तेवढ्याच. स्वल्पविराम आला तर सगळ्या वस्तू, आणि त्यांची यादी खाली आहे.

मराठीत 'जो-तो'ची रचना प्रामुख्याने निवड करण्यासाठी वापरली जाते. जादा माहिती देण्यासाठी मराठी माणूस स्वाभाविकपणे दोन वाक्ये करतो : 'माझा भाऊ पुण्यात असतो. तो उद्या येणार आहे.' 'माझा भाऊ, जो पुण्यात असतो, उद्या येणार आहे' ही घडण भाषांतरित लेखनात दिसते आणि तिला इंग्रजीचा वास येतो. मराठीत विरामचिन्हावर असा अर्थभेद सहसा अवलंबून नसल्याने इंग्रजी वाचताना ते चिन्ह नजरेतून निसटते.

याच ठिकाणी 'दॅट'ची मर्यादा लक्षात ठेवावी. स्वल्पविरामानंतर आणि शब्दयोगी अव्ययानंतर 'दॅट' येत नाही. तेथे 'हू', 'हूम' किंवा 'विच' हवे. निवड करणाऱ्या उपवाक्यात 'दॅट' आणि जादा माहितीच्या उपवाक्यात 'विच' अशी वाटणी करावी, अशी सूचना हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात केली होती. अमेरिकन संपादकांनी ती बरीच उचलली. ब्रिटिश लेखनात निवडीसाठीही 'विच' सर्रास चालते. त्यामुळे दोन पुस्तकांत दोन नियम दिसले तर विद्यार्थ्याने गोंधळू नये.

गाळलेले शब्द, चुकलेली जागा

उपवाक्यात सर्वनाम कर्म असेल तर इंग्रजी ते गाळू शकते. 'द बुक आय बॉट' म्हणजे 'द बुक दॅट आय बॉट'. दोन नामे किंवा नाम आणि सर्वनाम अशी लागोपाठ आली, की मधे 'दॅट' लपले आहे का, हे वाचकाने तपासावे. सर्वनाम कर्ता असेल तर ते गाळता येत नाही. 'द मॅन केम यस्टर्डे इज माय अंकल' हे वाक्य मोडते.

काही वेळा सर्वनामासह 'इज'-'आर'ही जातात. 'द ट्रेन स्टँडिंग ऑन प्लॅटफॉर्म टू' म्हणजे 'फलाट क्रमांक दोनवर उभी असलेली गाडी'. मराठीच्या धातुसाधित विशेषणाला इंग्रजीत सर्वांत जवळची हीच रचना आहे. फरक जागेचा. मराठीत 'उभी असलेली' आधी आणि 'गाडी' नंतर. इंग्रजीत 'ट्रेन' आधी.

उपवाक्य आपल्या नामापासून दूर गेले तर विनोद घडतो. 'शी बॉट अ बॅग फॉर हर डॉटर दॅट हॅज टू झिप्स' या वाक्यात दोन चेन पिशवीला आहेत की मुलीला, असा प्रश्न पडतो. 'फॉर हर डॉटर, शी बॉट अ बॅग दॅट हॅज टू झिप्स' असे लिहिले, की शंका फिटते. 'वन ऑफ द ट्रेन्स दॅट स्टॉप हिअर' अशा वाक्यात 'दॅट' हे 'ट्रेन्स'कडे बोट दाखविते, म्हणून क्रियापद अनेकवचनी. 'येथे थांबणाऱ्या गाड्यांपैकी एक' हे मराठी रूप मनात आणले, की ते आपोआप पटते.

चुका नाहीत, म्हणजे येते असे नाही

संबंधी उपवाक्यांच्या शिक्षणावर झालेला एक अभ्यास पालक आणि शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या चार मातृभाषांच्या विद्यार्थ्यांचे लेखन तपासले. चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या लेखनात संबंधी उपवाक्यांच्या चुका फारसी आणि अरबी विद्यार्थ्यांपेक्षा कमी आढळल्या. मात्र त्यामागचे कारण वेगळेच होते. चिनी आणि जपानी भाषांत उपवाक्य नामाच्या आधी येत असल्याने त्या विद्यार्थ्यांना इंग्रजी रचना अवघड वाटत होती आणि ते ती वापरणेच टाळत होते. जे लिहिलेच नाही, त्यात चूक कोठून होणार?

मराठी वाक्यातही उपवाक्य बहुधा आधीच येत असल्याने हा इशारा येथे लागू पडतो. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास सुरुवात झाली. त्यानंतर शिकलेली पिढी छोटी वाक्ये बिनचूक लिहिते. पण 'आय हॅव अ फ्रेंड. ही लिव्ज इन पनवेल. ही वर्क्स इन अ बँक.' अशा तुटक वाक्यांवरच लेखन थांबत असेल, तर शून्य चुकांची वही समाधानाने मिटून ठेवू नये. 'आय हॅव अ फ्रेंड इन पनवेल हू वर्क्स इन अ बँक' हे वाक्य चुकत-माकत लिहिणारा विद्यार्थी एक पायरी पुढे असतो.

पायऱ्या कोणत्या क्रमाने चढाव्यात, याचेही उत्तर आहे. एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉमरी यांनी १९७७ मध्ये जगातील अनेक भाषा तपासून दाखविले, की कर्त्यावर आधारलेले संबंधी उपवाक्य सर्वांत सुलभ असते. त्यानंतर कर्म, मग अव्ययासह येणारे नाम आणि पुढे मालकी असा क्रम लागतो. म्हणून सराव 'हू केम'पासून सुरू करावा, 'दॅट आय बॉट'वर यावे, मग 'इन विच' आणि शेवटी 'हूज' घ्यावे.

वाचण्याची रीत

लांब इंग्रजी वाक्य समोर आले, की प्रथम 'हू', 'विच', 'दॅट', 'हूज', 'व्हेअर' यांपैकी शब्द शोधून त्याखाली रेघ मारावी. त्याच्या लगेच आधीचे नाम कोणते, ते पाहावे. उपवाक्य कोठे संपते, हे दुसऱ्या क्रियापदावरून ओळखावे. बहुधा तेच मुख्य वाक्याचे क्रियापद असते. मग स्वल्पविराम आहे की नाही, ते तपासावे. शेवटी स्वल्पविराम नसेल तर 'जो-तो' किंवा 'आलेला-जाणारा' वापरून आणि असेल तर दोन स्वतंत्र वाक्ये करून मराठी अर्थ लावावा. लिहिताना हीच रीत उलट चालवावी : आधी दोन साधी वाक्ये लिहावीत, दोहोंत समान असलेले नाम शोधावे, दुसऱ्या वाक्यात त्याच्या जागी योग्य सर्वनाम घालावे आणि ते सारे पहिल्या वाक्यातील नामाच्या मागे नेऊन बसवावे.

करारनाम्यावर सही करण्यापूर्वी अशी पाच मिनिटे त्यातील 'हू' आणि 'विच'वर खर्च केली, तर कोणती अट आपल्याला लागू आहे आणि कोणती नाही, हे दुसऱ्याला विचारण्याची वेळ पुष्कळदा येणार नाही.